वीस चोक ऐंशी

त्या साली विहिरी खोल खोल जायला लागल्या आणि दोरवाल्याच्या दारात माणसांची रीघ लागली. पाणी वीतभर खाली गेलं की लोक हातभर लांब दोर मागतात. घाबरलेल्या माणसाला सगळंच जादा लागतं. "गावाचं आटलं की तुझं पिकतं बघ," असं गिरणीवाला येताजाता म्हणायचा. दोरवाला हसून सोडून द्यायचा. दोर वळायला वाख लागतो, वाख निघायला घायपात कुजवावा लागतो आणि कुजवायला पाणीच लागतं, हे पीठ दळणाऱ्याला काय सांगणार? ओढ्यातल्या ज्या डोहात त्याच्या बापानं घायपात भिजत घातला, त्यात आता म्हैससुद्धा बसली नसती. मधोमध हिरवट गाळ तेवढा उरला होता.

तरी काम थांबवून भागणार नव्हतं. दोरवाला आणि त्याची बायको उजाडायच्या आत बांधावर जायची. घायपाताची जाड, टोकदार पानं विळ्यानं बुडातून छाटायची, कडेचे काटे सोलायचे, भारे बांधून गाळात दाबायचे. पानांचा रस अंगाला लागला की कोपरापर्यंत आग व्हायची. खाजवलं तर रक्त, नाही खाजवलं तर जीव नकोसा. कुजलेली पानं बाहेर काढून दगडावर बडवायची, तेव्हा असा वास सुटायचा की वाटेवरची कुत्री वळसा घालून जायची. एवढं सगळं झाल्यावर हातात पांढरट, केसांसारखा वाख यायचा.

मग दुपार कलली की वळणं. घराच्या मागच्या अंगाला लांबच लांब मोकळी पट्टी होती. एका टोकाला पीळ द्यायचं चाक रोवलेलं. दोरवाला कमरेला वाखाचा भारा बांधायचा, टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचा आणि बोटांतून वाख सोडत पाठमोरा मागं मागं चालत जायचा. चाक फिरवायला बारकी. बारकी म्हणजे त्याची धाकटी मुलगी. मोठी लग्न होऊन लांब गेली होती, घरात आता हीच.

चाक घाईनं फिरलं तर पेडाला गाठीसारख्या आढ्या पडतात, रेंगाळलं तर पेड सैल येतो. ठेका धरावा लागतो, आणि ठेक्यासाठी त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाढे म्हणत आले होते. दोरवाला शाळेत जेमतेम गेला होता. त्याचे पाढे चाकापाशी पाठ झाले होते, आणि बारकीचेही.

"सतरा दुणे?" तो मागं सरकत विचारायचा.

"चौतीस!" चाकाचा एक फेरा.

"सतरा त्रिक?"

"एक्कावन्न!"

तो जसा लांब जाई तसा दोघांचा आवाज चढत जाई. पट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत दोघं ओरडत असायची. शेजारपाजारचे म्हणायचे, बापलेकीचं भांडण चाललंय की काम, कळायला मार्ग नाही. बेपासून तिसापर्यंत, वर पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी. बारकीच्या तोंडात सगळं घोळलेलं. दळण घेऊन गेली की गिरणीवाला तिला पट्ट्याच्या खडखडाटात उभी करायचा आणि मधलाच कुठला तरी आकडा विचारायचा. ती पापणी लवायच्या आत सांगायची. बायाबापड्या म्हणायच्या, "कुणाची गं ही?" आणि कुणीतरी सांगायचं, "दोरवाल्याची." त्या एका शब्दासाठी दोरवाला दळण आणायला मुद्दाम स्वतः बरोबर जायचा. चारचौघांत मिरवावं असं त्याच्यापाशी दुसरं होतं काय?

शाळेत नवीन बाई आल्या आणि हे हळूहळू बिघडत गेलं.

बाई तरुण होत्या, एकट्या होत्या, गिरणीच्या मागच्या खोलीत राहायच्या. वर्गात थोडा वेळ आणि बाहेर जास्त वेळ असा त्यांचा कारभार. पोरं झाडाची सावली मोजायची, ओट्याची लांबी मोजायची, कुणाच्या माठात किती तांबे पाणी मावतं ते बघायची. पाढ्यांचा गलका बंदच झाला. गाव म्हणायला लागलं, शाळेला सुट्टी आहे की शाळा चालू आहे, तेच कळत नाही.

दोरवाल्याला त्याचं काही नव्हतं. त्याला खुपायला लागलं ते वेगळंच. भाकरी मोडताना बारकी म्हणायची, "बाई म्हणतात, हाताची पाच बोटं सारखी नसतात, म्हणून बोटांनी मोजायचं तर एकाच माणसाच्या बोटांनी मोजायचं." अंथरूण घालताना, "बाई म्हणतात, चौकोन खरा आहे का बघायला समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन दोऱ्या लावून त्या मोजायच्या." दोन वेण्या घालणारी पोरगी एक वेणी घालायला लागली, कारण बाईंची एक असायची. बोलताना बाईंसारखी हनुवटी वर करायला लागली. एकदा तर आईला म्हणाली, "अगं, असं नाही, बघ हं," आणि तो आवाज इतका परका होता की दोरवाल्याचा घास हातातच राहिला.

"तुझ्या बाईंना स्वयंपाक येतो का?" त्यानं विचारलं.

"येतो की. भात करतात. तांदळाला दुप्पट पाणी. मी मोजलंय."

"तू कधी गेलीस त्यांच्या घरी?"

"रोज जाते," बारकी सहज म्हणाली.

दोरवाल्यानं ताट सरकवलं. बायकोनं त्याच्याकडं बघितलं आणि ताट उचलून नेलं.

चाकापाशीही तेच. त्यानं "एकोणीस एके?" म्हणून हाक टाकावी आणि बारकीनं चाक थांबवून विचारावं, "बाबा, एक वाव दोर वळायला चाकाचे किती फेरे होतात रे? तू मोजलेस कधी?"

"फिरव मुकाट्यानं."

"मोजले तर पाढे म्हणायला नकोत. नुसते फेरे मोजले की झालं. बाई म्हणतात, पाठ केलेलं नुसतं तोंडात असतं, समजलेलं—"

"बाईंना सांग, माझा दोर तोंडानंच वळतो!" तो पट्टीच्या पार तिकडून ओरडला. बारकीनं ओठ घट्ट मिटले आणि ती मनातल्या मनात फेरे मोजत चाक फिरवू लागली. दोर चांगला वळला. अगदी एकसारखा वळला, आणि त्याचाच त्याला राग आला.

अशात एक दिवस कुंभारीण खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून आली. तोंडाची फटकळ बाई. वेटोळं तिनं त्याच्या पायाशी आपटलं.

"वीस वाव मागितला होता. बादली पाण्याला शिवत नाही. लोंबकळती नुसती. माझी माती वाळून दगड झाली."

"पाणी खाली गेलं असेल."

"शेजारणीचा वीस वावांचा जुना दोर पोचतो त्याच विहिरीत. तिचं पाणी वेगळं आहे होय?"

दोरवाल्यानं तिच्यासमोर दोर मोजला. दोन्ही हात ताणायचे, डाव्या चिमटीपासून उजव्या चिमटीपर्यंत एक वाव, मग सरकवायचं. एकोणीस, वीस. बरोबर वीस भरला.

"बघ. डोळे आहेत ना?"

कुंभारणीचं समाधान झालं नव्हतं. "तुझ्या मापानं भरला, विहिरीच्या मापानं नाही," असं पुटपुटत ती गेली. जाताना त्यानं तिला एक तुकडा जोडून दिला, उपकार केल्यासारखा.

पुढच्याच आठवड्यात बारकी उड्या मारत आली. "बाबा, बाई सगळा वर्ग घेऊन आपल्याकडं येणार! दोर बघायला! त्या म्हणाल्या, तुझे वडील सगळ्यांत चांगलं शिकवतील."

दोरवाल्याचा चेहरा खुलला. लपवायचा म्हटला तरी लपेना. पट्टी त्यानं स्वतः झाडली. धुतलेला सदरा घातला. चाकाला तेल दिलं. बायको म्हणाली, "सोयरीक जमवायला येताहेत जणू," तर तो तिच्यावर खेकसला आणि आरशात बघून पुन्हा केस बसवले.

बाई आल्या. पोरं चाकाभोवती कोंडाळं करून बसली. दोरवाल्यानं तीन पेड वळून दाखवले, ते एकात एक कसे बसतात ते दाखवलं. पोरांच्या तोंडाचा आ झाला. बाईही नीट ऐकत होत्या, मधे मधे पोरांना विचारत होत्या, आणि त्याला वाटलं, वाईट नाही बाई. उगाच आपण मनात आणलं.

मग बाई म्हणाल्या, "दोर कशानं मोजतात?"

"वावानं. असा." त्यानं हात पसरले.

"वाव म्हणजे चार हात. एका हाताची चोवीस बोटं. मग वावाची किती?"

पोरं बोटं मोडायला लागली. बारकी उठून म्हणाली, "शहाण्णव!"

"शाबास. आता प्रत्येकानं जोडीदाराचा वाव मोजा. बारकी, तू वडिलांचा मोज."

बोटाबोटावर खुणा केलेली शाळेची कापडी पट्टी घेऊन बारकी त्याच्यासमोर उभी राहिली. त्यानं हात पसरले. तिनं एका चिमटीपासून दुसऱ्या चिमटीपर्यंत पट्टी ताणली, आकडा बघितला, मग पुन्हा मोजलं.

"नीट धर," तो म्हणाला.

"नीटच धरलीय. बाबा, डावा हात अजून उघड ना."

त्यानं उघडला. जेवढा उघडत होता तेवढा उघडला. मागल्या साली बांधावरून पडला होता तेव्हापासून डावा खांदा पूर्वीसारखा फिरत नव्हता. थंडीत ठणकायचा, एरवी विसरायला व्हायचं. तो हात पुरता सरळ होत नाही, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आपला हात माणूस कशाला मोजायला जातो?

"चार बोटं कमी," बारकी म्हणाली. तिच्या कपाळावर आठी आली, मग ती आठी सुटली, डोळे चमकले आणि ती गर्रकन बाईंकडं वळली. "दर वावाला चार बोटं! वीस वावांना वीस चोक ऐंशी! म्हणजे जवळजवळ अख्खा वावच! बाई, म्हणून कुंभारीणमावशीची बादली पाण्याला शिवत नव्हती! बाई, उत्तर आलं!"

पोरं खो खो हसली. एकानं हात आखडून दोर मोजायची नक्कल केली. बाईंनी त्याला दटावलं. "हसायचं काय त्यात? माप चुकलं, माणूस नाही चुकला," त्या म्हणाल्या. चांगल्या मनानं म्हणाल्या, पण हसण्यापेक्षा ते जास्त लागलं. दोरवाला हात खाली घ्यायचा विसरून तसाच उभा होता, शेतातल्या बुजगावण्यासारखा. आणि बारकी त्याच्याकडं बघतच नव्हती. तिचं सगळं तोंड बाईंकडं होतं, उजळलेलं. पूर्वी पट्टीच्या टोकावरून तो "शाबास!" म्हणून ओरडायचा तेव्हा ते तोंड असं उजळायचं. आणि वीस चोक ऐंशी हे तिला शिकवलं होतं कुणी?

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवसापासून माणसं दोराची वेटोळी घेऊन येऊ लागली. कुणी चोर म्हटलं नाही. सगळे गोड बोलत होते, "राहू दे रे, बघ जमलं तर," आणि वेटोळं ठेवून जात होते. दोरवाल्यानं प्रत्येकाला जोड दिला. साठवलेला वाख त्यातच संपला. नवीन वळायचा सोडून तो जुन्याला ठिगळं लावत बसला. बायको त्याच्या खांद्याला तेल चोळायची आणि तो दात आवळून बसायचा.

"पोरीनं काय मुद्दाम केलं?" ती म्हणायची.

"तिनं नाही. तिला शिकवलं कुणी?"

"सुंभ जळलं तरी पीळ जात नाही तुमचा. लोकांच्या बादल्या पाण्याला पोचल्या, ते बघा की."

तो बघत नव्हता. त्याला दिसत होतं ते एकच. सकाळी बारकी तोंड धुवायच्या आत शाळेच्या वाटेकडं बघायची. सुट्टी झाली की सरळ घरी यायच्याऐवजी गिरणीच्या मागच्या खोलीवरून यायची. आता तिच्या दप्तरात बाईंनी दिलेली लाकडी पट्टी असायची आणि ती कुणाला हात लावू द्यायची नाही.

दळणाच्या निमित्तानं तो गिरणीत गेला. गिरणीवाला शाळेच्या समितीचा मुख्य होता. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून त्यानं आपणहून विषय काढला. "काय रे, तुझ्या वेळी शाळेवरून जाताना पाढे ऐकू यायचे. आता वाटतं, मौनव्रत आहे. माझ्या नातवाला सात आठे विचारलं, तर म्हणतो, थांबा, खडे आणतो."

"खडे आणून पीठ दळता येतं का?" दोरवाला म्हणाला.

गिरणीवाला खदखदून हसला. दोरवाल्याला कळलं, आपण पेटत्या चुलीत काडी सारली. आणि सारतच गेला. "अहो, तोंडातला पाढा अंधारातही बरोबर असतो. पट्टी हरवली की ह्या पोरांचं गणित हरवलं. उन्हातान्हात हिंडवते, त्याला शाळा म्हणायचं? तपासणीच्या साहेबांना बोलवा. होऊ द्या समोरासमोर. आणि कुणाला काही येत नाही असं दिसलं की माझ्या बारकीला उभी करा. घरी शिकलेलं पोर काय असतं ते साहेबांना कळू दे."

शेवटचं वाक्य बोलताना त्याला मनातल्या मनात दिसतही होतं: बारकी उभी आहे, तोंडातून आकडे लाह्यांसारखे फुटताहेत आणि बाई खाली मान घालून ऐकताहेत. कित्येक दिवसांनी त्याला घरी गोड झोप लागली.

साहेब आले त्या दिवशी शाळेच्या ओसरीत निम्मं गाव जमलं होतं. साहेब घामाघूम झालेले, स्वभावानं वाईट नसावेत. आधी त्यांनी पोरांना खोलीची लांबीरुंदी काढायला सांगितली. पोरांनी पटापट काढली, कोपरे तपासले, किती फरश्या लागतील तेही सांगितलं. साहेबांनी मान डोलावली.

"पण तोंडी?" गिरणीवाला म्हणाला. "तोंडी विचारा की, साहेब."

साहेबांनी सात आठे विचारलं. एक पोर छताकडं बघत बसलं. दुसऱ्यानं चोपन्न सांगितलं. तिसऱ्यानं बोटं मोजायला घेतली, साहेबांनी "हात मागं" म्हटलं तसं ते रडकुंडीला आलं. ओसरीत कुजबूज सुरू झाली.

बाई पुढं झाल्या. "साहेब, ही पोरं गेल्या वर्षी तिसापर्यंत एका सुरात ओळीनं घडाघडा म्हणत होती. मी आले तेव्हा विचारलं, आठ टोपल्यांत प्रत्येकी सात आंबे, तर एकूण किती? एखाद-दुसरं पोर सोडलं तर कुणाला सांगता आलं नाही. पाढा येत होता. तो कुठं वापरायचा हे माहीत नव्हतं. पाढे लागतातच. पण आधी कळू दे, मग पाठ होऊ दे."

"आधी पाठ होऊ दे, मग कळतंच," गिरणीवाला म्हणाला. "बोलायला लागलो तेव्हा व्याकरण कुठं कळत होतं आम्हाला?"

लोक हसले. साहेबांनी कपाळ पुसलं. दोरवाल्याला वाटलं, हीच वेळ. तो गर्दीतून पुढं सरकला.

"साहेब, माझी मुलगी उभी करा. हिला सगळे येतात. घरी शिकलीय. हिला विचारा आणि मग ठरवा."

बारकी उभी राहिली. एक वेणी, धुतलेला झगा. साहेब म्हणाले, "सतराचा म्हण, बाळ."

बारकीनं बापाकडं बघितलं. मग बाईंकडं बघितलं. बाई तिच्याकडं बघत नव्हत्या. त्या टेबलावरचा खडू हातात घेऊन उगाच फिरवत होत्या.

"म्हण की."

बारकी गप्प.

"बरं, बाराचा?"

गप्प. ओसरीत कुणीतरी फिसकन हसलं.

"पाचाचा तरी येतो का?"

"बारके!" दोरवाला ओरडला. "म्हण ना! पाच एके पाच—"

बारकीनं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, "मला येत नाहीत."

ओसरी हशानं फुटली. "अरे दोरवाल्या, पाचाचा पण नाही?" "पाढेसुद्धा चार बोटं कमीच निघाले की!" गिरणीवाल्यालाही हसू आवरेना. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि निकाल दिला: रोज सकाळी पाढे, पुढच्या तपासणीपर्यंत सगळ्यांचे तोंडपाठ हवेत, नाहीतर बाईंची बदली. बाईंनी "बरं" म्हटलं. दोरवाल्याला हवं होतं ते झालं होतं. पण तिथून घरापर्यंतची वाट त्याला संपता संपेना.

घरी त्यानं बारकीला मारलं नाही, काही विचारलंही नाही. ती चाकापाशी येऊन बसली तर म्हणाला, "ऊठ. तुझी आई फिरवील." आई फिरवायला बसली. तिच्या हाताला ठेका नव्हता; पेडाला आढ्यांवर आढ्या पडल्या. बारकी दारात बसून बघत राहिली.

दोन दिवसांनी, शाळा सुटल्यावर, तो बाईंकडं गेला. पोरं निघून गेली होती. बाईंचा घसा बसला होता. सकाळभर पाढे म्हणवून घेतले होते.

"मी खोटारडा नाही," तो दारातूनच म्हणाला. "पोरीला सगळे येतात. तिसापर्यंत. पावकी-निमकीसुद्धा. तुम्ही तिला उद्या विचारा, साहेबांना कळवा."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"तिला येतात ते. पहिल्या दिवसापासून. त्याच जोरावर ती मापात सगळ्यांच्या पुढं असते. बाकीची पोरं बेरजा करत बसतात, तोवर हिचं उत्तर तयार. तुम्ही दिलंय ते तिला. मला ते असं देता आलं नसतं."

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ऐकून त्याची छाती फुगली असती. पण त्याला वेगळंच टोचलं.

"मग त्या दिवशी का बोलला नाहीत? एका तरी पोराला येतात असं दिसलं असतं, तर साहेबांनी बदलीचं काढलं नसतं."

बाईंनी फळा पुसायचं फडकं झटकलं. "ती माझ्यासाठी गप्प बसली होती. मी तोंड उघडून तिला सगळ्यांसमोर खोटी कशी पाडणार?" मग म्हणाल्या, "पाढे आता सकाळी होतात. दुपारी आम्ही मोजायला बाहेर जातोच. साहेबांना दोन्ही दाखवीन. तुम्ही काळजी करू नका."

म्हणजे तो ओरडत होता, लोक हसत होते, तेव्हा ह्या दोघींना सगळं ठाऊक होतं. बाईंनी बारकीकडं बघितलंसुद्धा नव्हतं, तरी ठाऊक होतं. इतकी वर्षं तो आणि बारकी पट्टीच्या दोन टोकांवरून घसा फोडून बोलत आले होते. आणि इथं न बोलताच भागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला ताप होता. बांधावर जायला बारकीच बरोबर आली. दोघं कामाला लागली. तो छाटायचा, ती काटे सोलून रचायची. ऊन चढायला लागलं. पोरीच्या हातांवर रसाचे लाल चट्टे उठले. ती ते फ्रॉकला पुसत होती आणि तक्रार करत नव्हती. तिचं ते सोसणं त्याला बघवेना. त्यानं विळा खाली टाकला.

"का गप्प बसलीस?"

तिला कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही. तिनं हातातलं पान खाली ठेवलं.

"मी म्हटले असते तर सगळे म्हणाले असते, हिला घरी येतात आणि शाळेत कुणाला येत नाहीत. मग बाईंना लगेच घालवलं असतं."

"आणि मी? चारचौघांत माझं तोंड काळं झालं, ते?"

बारकी पुन्हा फ्रॉकला हात पुसू लागली.

"एवढी बाई लागते तुला? बापापेक्षा?" हे तो बोलणार नव्हता. बोलून गेला. आवाजही मोठ्या माणसाचा राहिला नाही. "बाईंची बाजू घ्यायची आणि बापाला सोडायचं, हे तुला सुचलं तरी कसं?"

बारकीनं मान वर केली. त्यानं इतकं सोपं काही विचारावं, याचंच तिला नवल वाटल्यासारखं दिसत होतं.

"बाबा, बाई जातील रे. त्यांची बदली होते, त्या कधीही जाऊ शकतात," ती म्हणाली. "तू कुठं जाणार आहेस?"

समोर अर्धा कापलेला बांध होता, मागं ओढ्याचा वास येत होता. पोरगी त्याच्या उत्तराची वाटसुद्धा बघत नव्हती. तिनं पुढचं पान उचललं आणि सोलायला घेतलं.

त्यानं तिच्या हातातून ते पान काढून घेतलं.

"जा. शाळेला उशीर होईल."

"आणि हे सगळं?"

"मी बघतो. हात धुऊन जा, नाहीतर दिवसभर खाजवत बसशील."

ती उठली. फ्रॉक झटकला आणि बांधावरून पळत सुटली. वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत दोरवाला बघत राहिला. शाळेकडं धावताना तिच्या पायांना जी घाई होती ती अजूनही त्याला बघवत नव्हती. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. तो तिथंच उभा होता.